कपवाल्याचा पहिला बॉल

काय सांगू बावा, बोरी अरबच्या मैदानावर माही अशी फजिती झाली का अजूनही तिकडून जाताना मान खाली घालतो!

आमच्या इथं रिवाज आहे. टूर्नामेंटचा कप जो देते, त्यानंच पहिला बॉल मारायचा. पाहुणा गोलमधी उभा राह्यते, बॉल सोडून देते, फोटो निघते, टाळ्या! यंदाचा कप म्या देल्ला होता, माह्या बाबाच्या नावानं. बाबा फुटबॉलचा येडा, मागच्या साली गेला. त्याच्या तसबिरीखाली माह्या गोलचा फोटो लावायची लय इच्छा होती मले.

अन् पाहुणा कोन? देशाकडून खेळलेला डिफेंडर! परदेशातले धिप्पाड गडी ज्याच्यापुढं थकले, नाक फुटलं तरी पट्टी बांधून जो उभा राह्यला, थो माणूस आमच्या गावात! बाबा असता तं पायाच पडला असता.

"भाऊजी, चपला घालून जाता काय?" म्हनून माह्या साळ्यानं, गजाननानं, आपले नवे बूट देल्ले. मले ढिले होते, पन चमक पाहून घातले.

साहेब गोलमधी उभे. केस पिकलेले, गुडघ्याले पट्टा. कायले गप बसतो मी? जवळ जाऊन म्हनलं, "साहेब, हळूच मारतो. आता तुमचं वय झालं न!"

साहेब हासले. "मारा बिनधास्त. मी सोडतो. पाय सोडतील का, ते सांगता येत नाही."

म्या मारला. साहेबाचा पाय आडवा! बॉल बाजूच्या कापसाच्या पऱ्हाटीत!

"माफ करा हो, सवय!" साहेबानं कान पकडले.

दुसरा मारला. छातीवर घेऊन बाजूले! अन् याले लोक रिटायर म्हनतेत!

मंडपातून गजानन ओरडला, "भाऊजी, जेवून नाही आले काय?"

सारं गाव खदखदा हासून राह्यलं. बाबाचा कप अन् गोल नाही? माह्यं डोस्कं फिरलं. लांबून पळत आलो, डोळे मिटले, अन् हानला!

बॉल साहेबाच्या पायाखाली. मी पाठीवर. अन् जाळीत काय? उजव्या पायातला बूट!

साहेबानं मले उठवलं, धूळ झटकली. "बूट अडवायची सवय नाही हो मला! वडिलांचा कप आहे न? हा गोल मी कबूल करतो."

खरं सांगतो, डोळ्यात पानी आलं माह्या. केवढा मोठा माणूस!

फोटो बाबाच्या तसबिरीखाली लावला. येईल त्याले सांगतो, भल्याभल्याईले जमलं नाही, थो गोल म्या केला.

पन गजानन चहा पिता पिता म्हनतेच, "गोल माहा आहे, भाऊजी. बूट माहा होता. तुमचा तं बॉल होता, अन् थो साहेबानं अडवला."