वाळत घालायची दोरी

आमचे हे नौदलात डायव्हर. बुडालेलं वर काढायचं, अडकलेल्याला सोडवायचं, हीच नोकरी. लग्न नवीन होतं तेव्हा लालबागच्या आमच्या एका खोलीत त्यांनी मला दोरीची भाषा शिकवली. खाली काळोख, बोलायची सोय नाही. जे काय ते कमरेच्या दोरीवर. वरच्याने एकदा ओढलं की ‘बरा आहेस ना?’ खालच्याने एकदा ओढलं की ‘बरा आहे.’ चारदा ओढलं की ‘मला वर घे.’ आणि वर घ्यायचं ते हळूहळू, थांबत थांबत, नाहीतर जिवावर बेततं. मी विचारलं, “अहो, आणि भांडण झालं तर कितीदा ओढायचं?” किती हसले होते तेव्हा!

मग एक पाणबुडी बुडाली आणि हे तिच्यात उतरले. आतलं कुणी जिवंत सापडलं नाही. हे घरी आले ते गप्पच. जेवायचे, ‘बरा आहे’ म्हणायचे आणि खिडकीखालच्या कॉटवर पडून राहायचे. चाळीने पेढे वाटले, शूर म्हणून हार घातले. मला मेला इतका राग यायचा! शूर माणूस आला होता घरी, पण माझा नवरा कुठे होता?

एका दुपारी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. दोरीचं टोक आमच्याच खिडकीच्या गजाला बांधलेलं. ओल्या साड्यांतून ऊन निळं-हिरवं होऊन खोलीत उतरत होतं आणि सगळी चाळ पाण्याखाली गेल्यासारखी निवांत होती. दोरी सैल वाटली म्हणून मी एक हिसका दिला.

पलीकडून एक हिसका आला.

डोकावून बघते तर हे गाढ झोपेत, हात गजांतून बाहेर, मुठीत दोरी. झोपेतसुद्धा ड्युटीवर! हसू आलं आणि रडूही.

मग मी रोज दुपारी मुद्दाम ओढायला लागले. रोज उत्तर एकच, बरा आहे. खोटारडे कुठले! तोंडाने खोटं आणि दोरीनेही खोटं.

एके दिवशी ओढलं तर उत्तरच येईना. मी ओली चादर हातात धरून उभी. मग एक हिसका आला. दुसरा. तिसरा. आणि बऱ्याच वेळाने चौथा.

चादर तिथेच टाकून आत धावले. डोळे उघडे होते त्यांचे.

“दाराच्या फटीतून एकाचा हात बाहेर आला होता गं,” ते म्हणाले. “मी धरला. मला वाटलं, तो धरेल माझा.”

मी त्यांचे दोन्ही हात धरून उठवायला लागले.

“हळू,” ते म्हणाले.

“हो, हळूच घेते,” मी म्हटलं, आणि त्यांना रडू दिलं.