गुप्त पानावरचा शिक्का

आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात दाराशीच एक काळा फळा आहे. लाकडी चौकटीचा, हलवायचा म्हटलं तर दोन माणसं लागतील असा. त्यावर ग्रंथालयाच्या बातम्या आणि येणारे कार्यक्रम लिहायचं काम गेली बावीस वर्षं माझ्याकडे आहे, आणि ते माझ्याइतकं चांगलं कुणी करत नाही. स्वतःच सांगते आहे म्हणून ते खोटं ठरत नाही. नवीन मासिकं आली, की त्यांची नावं पिवळ्या खडूनं. पुस्तकांचं प्रदर्शन, संगणकावर लेख कसे शोधायचे याचा वर्ग, परीक्षेच्या दिवसांत वाचनकक्ष किती वाजेपर्यंत उघडा, हे सगळं पांढऱ्यानं. खाली एक रेघ, तीही पट्टी न लावता सरळ.

मध्यंतरी फळ्याच्या वर एक मोठा टीव्ही बसवला. त्याच बातम्या त्याच्यावर सरकत असतात. पण आपल्या कामाचं काय आहे हे शोधेपर्यंत पुढची पाटी आलेली असते, म्हणून मुलं मान खाली करून फळाच वाचतात आणि मोबाईलवर त्याचा फोटो काढून नेतात. मला हे बघून फार बरं वाटतं. तुला वाईट नाही का वाटत, असं मी टीव्हीकडे बघून मनात विचारतेही.

फळ्यावर मी तारीख मात्र कधी लिहीत नसे. ‘उद्या सकाळी अकरा वाजता’ असं लिहायची. माझा त्यामागे विचार होता. तारीख दिसली की माणूस म्हणतो, अजून वेळ आहे. ‘उद्या’ वाचलं की पाय उचलतो. रोज संध्याकाळी भिंगारला घरी जायची बस पकडायच्या आधी मी फळा पुसून दुसऱ्या दिवसाचं लिहीत असे. आमच्या ग्रंथपालांनी दोन-तीनदा सुचवलं, “बाई, तारीख टाकत चला.” मी सांगितलं, “सर, शिळं ‘उद्या’ माझ्या फळ्यावर एकदा दाखवा, त्या दिवसापासून खडूला हात लावणार नाही.” सरांनी तो विषय सोडला. माझ्याशी वाद घालून काही मिळत नाही, हे त्यांना एव्हाना कळलेलं आहे.

माझं दुसरं काम कुणाला दिसत नाही. नवीन पुस्तक आलं की त्यावर ग्रंथालयाचा गोल शिक्का मारायचा. पहिल्या पानावर, शेवटच्या पानावर आणि गुप्त पानावर. गुप्त पान म्हणजे प्रत्येक ग्रंथालयानं आपल्यापुरता ठरवलेला एक आकडा. सगळ्या पुस्तकांत त्याच आकड्याच्या पानावर शिक्का असतो. कुणी पुस्तक पळवलं, पुढची-मागची पानं फाडली, तरी ते पान उघडून आपण म्हणू शकतो की हे आमचं. आकडा फक्त आम्हा काम करणाऱ्यांना माहीत असतो. माझ्या नवऱ्यानं लग्नानंतर इतक्यांदा विचारला, त्यालाही मी सांगितलेला नाही. त्या पानावरचा शिक्का बावीस वर्षं मीच मारते. रजेवर गेले तर पुस्तकं माझी वाट बघत थांबतात.

आता त्या मुलीचं सांगते.

ती खर्ड्याकडची. नियतकालिकांच्या विभागात खिडकीजवळचं टेबल पाच वर्षं तिचं होतं. आईवडील दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे, आणि गेले दोन हंगाम त्यांची कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी, आमच्यापासून तासाभराच्या अंतरावरच्या कारखान्याजवळ पडत होती. इतक्या जवळ असूनही आई विद्यापीठात कधी आली नव्हती. हंगामात नवराबायको मिळून एक कोयता धरतात. बाई एक दिवस नसली तर पुरुषानं तोडलेल्या उसाच्या मोळ्या बांधायला कोणी राहत नाही.

मुलीचा अभ्यास कोयत्याच्या मुठीवर होता. बायकांच्या हाताला बेतलेली मूठ केली तर मनगट कमी दुखतं का, हे तिनं शेकडो हात मोजून तपासलं. अशा विषयावरही डॉक्टर होता येतं हे मला तिच्यामुळे कळलं. तिला हवं ते जुनं मासिक तळघरातून शोधून आणताना धुळीनं माझ्या साडीचा रंग बदलायचा, आणि ती म्हणायची, “मावशी, प्रबंधात तुमचे आभार मानणार आहे.” मी म्हणायची, “आधी प्रबंध तर होऊ दे.” झाला. गेल्या हिवाळ्यात झाला.

वर्षभरात मंजूर झालेल्या प्रबंधांची प्रत ग्रंथालयात ठेवायची, हा आमच्याकडे छोटा समारंभ असतो. पाहुणे येतात, प्रत्येक प्रबंधाच्या पहिल्या पानावर शिक्का मारतात, मुलं तो आपल्या हातानं कपाटात ठेवतात. पुढच्या रांगेत आईवडील बसतात. मुलीनं मला आधीच सांगून ठेवलं होतं, “मावशी, एक खुर्ची माझ्या आईची. तिला बघायचंय मी पाच वर्षं कुठं बसत होते ते.”

पाहुण्यांच्या सोयीनं त्या वर्षी दिवस दोनदा बदलला. शेवटी गुरुवार ठरला. बुधवारी संध्याकाळी मी फळ्यावर लिहिलं, ‘उद्या सकाळी अकरा वाजता प्रबंध अर्पण. सर्वांनी यावे.’ मुलीनं आईचा फोन लावून बघितला, तो बंद. मग तिनं फळ्याचा फोटो काढून पाठवला आणि म्हणाली, “चार्जिंग झालं की बघतील.”

गुरुवारी अकरा वाजले. पुढच्या रांगेत एक खुर्ची रिकामी राहिली. मुलगी सारखी दाराकडे बघत होती आणि मी तिच्याकडे. तिचं नाव पुकारलं तेव्हा ती उठली, पाहुण्यांनी शिक्का मारला, तिनं प्रबंध कपाटात ठेवला, टाळ्या झाल्या. चहाला ती थांबली नाही. मला वाटलं, आईला टोळीच्या मुकादमानं सोडलं नसेल. मुलीलाही तेच वाटलं असावं, पण ती रुसली आणि तिनं परत फोन केला नाही.

शुक्रवारी सकाळी मी फळ्याची चौकट फडक्यानं पुसत होते. मागून आवाज आला, “म्याडम, कारेक्रम इथंच हाय न्हवं?”

ठेवणीतलं हिरवं लुगडं, डोक्यावरून पदर, हातात कापडी पिशवी. चेहरा बघताच ओळखलं. तोच रुंद कपाळपट्टीचा चेहरा पाच वर्षं खिडकीजवळ बघत होते.

मी म्हटलं, “ताई, कार्यक्रम काल झाला.”

“काल कसा? उद्या म्हनून लिवलंय की.” त्यांनी पदराच्या गाठीतला फोन काढून माझ्यापुढे धरला. “कोपीवर लाईट न्हाई. चाच्या टपरीवर फोन चार्जिंगला लावलाता. काल सांजच्याला आला, तवा मालकानं वाचून दावलं, उद्या अकरा वाजता. आज येकच दिस सुट्टी घेतलीय मी.”

फोनवर माझा फळा होता. माझंच वळणदार अक्षर. पट्टी न लावता मारलेली रेघ. आणि ‘उद्या’.

फळा मी रोज पुसत होते, पण फोटो कोण पुसणार, हे बावीस वर्षांत एकदाही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. इतकी लाज मला कधी वाटली नाही. मी त्यांना आत बसवलं, पाणी दिलं आणि मुलीला फोन केला. ती वसतिगृहातून धावत आली. आईला बघून आधी चिडली, मग फोटो बघितला आणि रडायला लागली. आई तिला म्हणाल्या, “आगं, चुकलं असंल माजंच. रडू नगं.”

ते मला सहन झालं नाही. मी तडक सरांच्या खोलीत गेले.

“सर, चूक माझी आहे. तुम्ही तारीख लिहायला सांगत होतात, मी ऐकलं नाही. त्या बाईंचा दिवस वाया गेला, आणि दुसरा मिळणार नाही.”

मी कबूल करते आहे, यावरच सरांचा विश्वास बसत नव्हता. म्हणाले, “मग आता काय करणार? पाहुणे गेले. शिक्काही झाला.”

“पहिल्या पानावरचा झाला, सर. गुप्त पानावरचा माझ्याकडे आहे. अजून मारलेला नाही. तो त्यांना मारू द्या.”

सर नियमाचे माणूस आहेत. बाहेरच्या माणसाला गुप्त पान दाखवायचं म्हणजे त्यांच्या दृष्टीनं तिजोरी उघडण्यासारखं होतं. शेवटी म्हणाले, “आईंना दाखवा. पण मुलगी वाचक आहे. वाचकाला कळता कामा नये. तिला बाहेर थांबवा.”

मी हसणार होते, पण ते गंभीर होते.

पुस्तकांवर प्रक्रिया करतो त्या खोलीला काचेचं दार आहे. मुलगी बाहेर उभी राहिली आणि आम्ही दोघी आत गेलो. मी कपाटातून आणलेला जाडजूड प्रबंध टेबलावर ठेवला. आईनं आधी हात लुगड्याला पुसले आणि मग पानं चाळायला लागल्या. एका फोटोशी थांबल्या. फोटोत नुसता एक हात होता, अंगठ्याजवळ जुनी जखम असलेला, बाजूला मोजपट्टी.

“ह्यो माजा हात,” त्या म्हणाल्या. “पयला माजाच मोजलाता तिनं. मला वाटलं, पोरगी खेळतीय.”

त्यांनी स्वतःचा हात फोटोशेजारी ठेवला. जखम तीच होती. मग मी गुप्त पान म्हणजे काय ते समजावून सांगितलं. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या. “म्हंजे चोरानं नेलं तरी आपलं वळखू येतं,” त्या म्हणाल्या. मी म्हटलं, “अगदी तसंच.”

मग मी पान उघडलं. आकडा त्यांनी स्वतः वाचला. मोळ्या मोजणाऱ्या बाईला आकडे शिकवावे लागत नाहीत. बावीस वर्षं या पानावर दुसऱ्या कुणाला मारू न दिलेला शिक्का मी शाईच्या गादीवर टेकवून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो कोयत्याच्या मुठीसारखा गच्च धरला आणि असा दाबला की टेबल हललं. शिक्का जरा तिरका उमटला, शाई एका बाजूला पसरली. एरवी असा शिक्का मारणाऱ्याला मी चार शब्द सुनावले असते. त्या दिवशी मला वाटलं, आपल्या ग्रंथालयात यापेक्षा चांगला शिक्का दुसरा नाही. आजही वाटतं.

बाहेर आल्यावर मुलीनं आईला खिडकीजवळचं टेबल दाखवलं. आई त्या खुर्चीत बसल्या, टेबलावर दोन्ही हात ठेवले, खिडकीतून बाहेर बघितलं. “वारा बरा येतो,” म्हणाल्या. पिशवीतून त्यांनी बाजरीची भाकरी आणि ठेचा काढला. ग्रंथालयात खायला बंदी आहे, पण मी त्या वेळी दुसरीकडे बघत होते.

दुपारी मी फळा पुसला आणि नव्यानं लिहिला. वर ठळक वार आणि तारीख. सरांनी जाता जाता वाचलं आणि सरळ पुढे गेले, हे त्यांचे उपकार. पहिली बातमी होती, ‘काल आपल्या ग्रंथालयात नवीन प्रबंध दाखल झाले. त्यांतल्या एकावर आज सकाळी विशेष पाहुण्यांच्या हस्ते शिक्का.’ तेवढ्यात मायलेकी निघाल्या. मुलगी फळा वाचून थांबली आणि आईला म्हणाली, “आये, कोणत्या पानावर मारलास गं? मला तरी सांग. माझाच प्रबंध आहे.”

आईनं माझ्याकडे बघितलं. डोक्यावरचा पदर नीट केला.

“न्हाई सांगायचं,” त्या म्हणाल्या. “आमचं ठरलंय.”