सोजरमावशीच्या अर्धलीच्या शेळ्या

सोजरमावशीला सरकारने फसवले. हे पहिल्याच ओळीत लिहून ठेवतो, म्हणजे मी कुणा म्हातारीच्या गोड आठवणी सांगायला बसलो आहे असा समज व्हायला नको. माझा धंदा शेळ्यांचा. धाराशिव जिल्ह्यातले बाजार फिरून मी शेळ्या घेतो आणि विकतो. कुणी कुणाला गंडवले हे मला लांबून, नुसत्या उभे राहण्याच्या ढबीवरून कळते. आणि या बाईला गंडवले गेले ते तर माझ्या डोळ्यांसमोर.

पहिली भेट बाजारातलीच. आमच्याकडे जुने व्यापारी अजूनही रुमालाखाली सौदा करतात. घेणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा हात एकमेकांत, वरून रुमाल, आणि भाव बोटे दाबून सांगायचा. शेळी कितीला मागितली आणि कितीला दिली, ते बघणाऱ्यांना कळत नाही. गरजवंताची गरज चारचौघांत उघडी पडत नाही, हा त्यातला शहाणपणा. बायका यात हात घालत नाहीत. भावाला, मुलाला, नाहीतर शेजारच्या कुणाला तरी पुढे करतात.

सोजरमावशी एकटी आली. बेंबळीच्या पुढच्या एका गावची, धनगराची, नवरा कधीच गेलेला, एकच मुलगी लोहारा तालुक्यात दिलेली. हातात एक काळी, तुकतुकीत शेळी. मी विचारले, सोबत कोण आहे? म्हणाली, "शेळी हाय की." आणि माझ्या रुमालाखाली सरळ हात घातला. भोवतीची माणसे हसली. मी भाव दाबला. तिने तिचा दाबला. मी थोडा चढलो. तिने पुन्हा तोच दाबला. मी आणखी चढलो, तिचे बोट जागचे हलले नाही. मग तिने हात काढून घेतला, पदराला पुसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलली, "ए शेळीवाल्या, तुझी बोटं लई आखूड हायत रं."

दिवसभर लिंबाखाली बसून राहिली आणि शेळी परत घेऊन गेली. पुढच्या बाजारी पुन्हा आली, पुन्हा तोच भाव. त्याच्या पुढच्या बाजारी मी मुकाट्याने तो दिला. माझ्या धंद्यात एक गोष्ट तोंडपाठ करावी लागते: गरजवंताचा हात ओला असतो. रुमालाखाली घाम लपत नाही. या बाईचा हात कोरडा ठणठणीत होता. इतक्या गरीब बाईचा हात कोरडा कसा, याचे मला आठवडाभर कोडे पडले होते.

उत्तर नंतर कळले. मावशीला निराधार योजनेचा पगार होता. आमच्याकडे त्या पैशाला पगारच म्हणतात. महिन्याला थोडेफार बँकेत यायचे. त्यात तिचे तेल, मीठ, गुडघ्याच्या गोळ्या भागायच्या. ती रक्कम सांगितली तर शहरातला माणूस हसेल. पण त्या रकमेमुळे मावशी थांबू शकत होती, आणि थांबू शकणाऱ्या विकणाऱ्यापुढे माझ्यासारख्याची डाळ शिजत नाही. त्या पगाराने तिचे पोट भरत नव्हते, पण तिला नाही म्हणता येत होते. ही गोष्ट मला कळते. ज्यांनी तो पगार सुरू केला त्यांना कळली असती तर पुढचे रामायण घडले नसते.

तिच्या स्वतःच्या शेळ्या चार. पण सांभाळायची मोठा कळप. बाकीच्या सगळ्या अर्धलीच्या. म्हणजे शेळी दुसऱ्याची, चारायची आपण, आणि होणाऱ्या करडांत अर्धा वाटा. ज्याच्याजवळ पैसा नाही पण पाय आहेत, त्याने वर यायची आमच्या भागातली ही जुनी शिडी. मी याच शिडीने वर आलो. माझ्या आईने शेजाऱ्याच्या दोन शेळ्या अर्धलीने घेतल्या होत्या. आज माझे दोन टेम्पो आहेत. त्या काळात आमच्या अंगणात येऊन कुणी शेळ्या मोजल्या नाहीत, म्हणून मी वर आलो. हे मी कुठेही उभा राहून सांगेन.

पुढे माझ्याही दोन शेळ्या मी मावशीकडे अर्धलीने टाकल्या. त्या निमित्ताने जाणे-येणे वाढले. ती चहा द्यायची तो शेळीच्या दुधाचा आणि गुळाचा, आणि त्याबरोबर शिव्या फुकट. "तुमी व्यापारी लोक," म्हणायची, "देवाच्या नैवेद्याचाबी भाव पाडून मागाल." मी चिडलो की खूश व्हायची. माझ्या तापट स्वभावावर तिचे औषध ठरलेले होते: समोर करडू आणून द्यायची आणि धरून ठेव म्हणायची. करडू हातात असताना माणसाला ओरडता येत नाही.

तिचा एक कायदा होता. शेळीचे दावे ज्याच्या हातात, जाब त्याचा. कळपातली शेळी कुणाच्या पिकात शिरली की मालक काठी घेऊन यायचा आणि विचारायचा, कुणाची आहे ही? शेळी किराणावाल्याची असो, जीपवाल्याची असो नाहीतर माझी असो, मावशी पुढे होऊन सांगायची, "माझी." शिव्या खायची, वेळेला भरपाई द्यायची. एकदा माझ्याच शेळीने तूर खाल्ली तेव्हा मी म्हणालो, मावशी, नाव माझे सांगायचे होते. तिने मला वेड्यात काढले. "दावं माझ्या हातात व्हतं. तुझं नाव कशाला सांगू? तू काय तिथं उभा व्हतास?"

हाच कायदा तिला भोवला.

गावात लस टोचायला जनावरांचे डॉक्टर आले. माणूस चांगला, उन्हातान्हात फिरणारा. मारुतीच्या देवळापुढे सगळ्यांनी जनावरे आणली. लस टोचली की कानात पिवळा बिल्ला, आणि बिल्ल्याचा नंबर मालकाच्या नावावर. मावशी अख्खा कळप घेऊन गेली. प्रत्येक शेळीपाशी डॉक्टरांनी विचारले, कुणाची? आणि प्रत्येक शेळीपाशी मावशी म्हणाली, माझी. दावे तिच्या हातात होते. तिने खोटे सांगितले असे म्हणणाऱ्याला मी दोन मुस्कटात देईन.

पुढे निराधारांची पडताळणी निघाली. कोण खरा गरीब, कोण नाही, हे शोधायला माणूस गावात आला. त्याने मावशीच्या अंगणात कळप पाहिला, कानातले बिल्ले पाहिले, तिच्या नावावर किती जनावरे आहेत ते काढले. झाले. कागदावर सोजरमावशी गावातली शेळ्यांची सर्वांत मोठी मालकीण निघाली. पगार बंद.

तिने मला हे सांगितले नाही. मला कळले ते रुमालाखाली. आषाढातला बाजार होता. मावशी तिच्या चारांतली सर्वांत दुधाळ शेळी घेऊन आली. अशी शेळी कुणी विकत नाही. मी सवयीने पडता भाव दाबला आणि शिवीची वाट बघू लागलो. तिने माझेच बोट परत दाबले. कबूल. आणि तिचा हात ओला होता.

मी रुमाल झटकला आणि म्हणालो, मावशी, काय झालंय? ती म्हणाली, "काय न्हाय. तुमचं सरकार म्हणतंय म्या सावकारीण झाले."

ती शेळी मी घेतली नाही. मावशीला टेम्पोत बसवले, शेळीलाही बसवले आणि थेट कचेरी गाठली. कुठली कचेरी ते लिहीत नाही. टेबलामागे एक तरुण कारकून होता, आवाजात जरासुद्धा उद्धटपणा नाही. त्याने स्क्रीनकडे बघत सांगितले, "आजी, एवढ्या शेळ्या असलेल्या माणसाला निराधार कसं म्हणायचं, तुम्हीच सांगा."

"त्यातल्या माझ्या चार हायत, बाबा."

"मग बाकीच्यांचं त्या त्या मालकांकडून लिहून आणा."

मावशीने माझ्याकडे बघितले. "अर्धलीचं कुणी लिहून देतं व्हय?"

माझा आवाज चढला. मी म्हणालो, या चार शेळ्यांचे दूध विकून तूच एक महिना जगून दाखव. त्याने शांतपणे सांगितले, नियम वरून आलाय. वरून म्हणजे कुठून, हे मी तीनदा विचारले. त्याने तीनदा छताकडे बघितले. शेवटी शिपायाने मला बाहेर काढले.

मग मी गावात फिरलो. सौदा करणे हे माझे काम, मला वाटले हाही करू. माझ्या दोन शेळ्यांचे मी तिथल्या तिथे लिहून दिले. किराणावाल्याकडे गेलो. तो म्हणाला, दादा, माझं पिवळं रेशनकार्ड आहे. शेळ्या माझ्या म्हणून लिहून दिलं की उद्या ते जाईल. जीपवाल्याकडे गेलो. त्याचे घरकुल मंजूर व्हायचे होते, आणि त्याच्या आईलाही मावशीसारखाच पगार होता. तो माझी नजर चुकवत टायर बघत राहिला. तिसऱ्याने दारच उघडले नाही. माझा इतका संताप झाला की जीपवाल्याची गचांडी धरणार होतो. पण रात्री झोप लागेना तेव्हा जाणवले, तो तरी काय करेल? गावातल्या प्रत्येकाला आपण शेजाऱ्यापेक्षा गरीब आहोत हे सिद्ध करायला बसवले आहे. काल जे एकमेकांना ताक देत होते ते आज एकमेकांच्या अंगणात डोकावतात. मावशी हे माझ्याआधी समजली होती. म्हणाली, "गरिबाला मोजायला समदे येत्यात बाबा, वाढायला कुणी येत न्हाय. त्या जीपवाल्याला काय बोलू नको. त्याची आई माझ्या जोडीची हाय."

मी अर्जावर अर्ज केले. शेवटी कचेरीने पंचनामा ठेवला. चावडीपुढे सगळा गाव जमला. कचेरीतून आलेल्या साहेबांनी मावशीला उभे केले आणि तिचे उत्पन्न, घर, भांडी, मुलगी काय देते, जावई काय करतो, सगळे मोठ्याने विचारले. मावशीने दोन-तीन उत्तरे दिली. मग थांबली. मला वाटले, रडते की काय. ती माझ्याकडे वळली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "शेळीची किंमत तुमी रुमालाखाली करता, आन् माझी चावडीवर?"

साहेबांनी मान खाली घातली. पण मान खाली घालून नियम बदलत नाही. शेळ्या कुणाच्या, या प्रश्नाला गावातून माझ्याशिवाय एकही हात वर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी मावशीने स्वतःच निकाल लावला. ज्याची शेळी त्याच्या दारात नेऊन बांधली. किराणावाल्याच्या, जीपवाल्याच्या, सगळ्यांच्या. माझ्या दोन शेळ्या तिने एका पोराबरोबर पाठवल्या. मी त्या परत नेल्या तर तिने दावे हातात घेतले नाही. स्वतःच्या चारही विकल्या, त्याही माझ्याकडे नाही, दुसऱ्या गावच्या बाजारात. मी भाव जास्त देईन आणि ती भीक होईल, ही तिला भीती.

मग पडताळणी पुन्हा झाली. अंगण रिकामे होते. पगार चालू झाला. त्या कारकुनाने मला फोन करून आनंदाने सांगितले, काका, झालं बघा तुमच्या आजीचं काम.

काम झाले, ते हे. जी बाई दहा मैल चालायची ती दारात बसून राहू लागली. एखादे करडू ठेवायचे म्हटले तरी घाबरायची, पुन्हा कुणी मोजायला आले तर? ज्या शिडीने ती वर येत होती ती शिडी मोडली, तेव्हा कुठे सरकारला खात्री पटली की ही खाली आहे. थंडीत मुलगी येऊन तिला लोहाऱ्याकडे घेऊन गेली.

जायच्या आधी ती बाजारात आली. हातात शेळी नव्हती. मी म्हणालो, मावशी, आज काय विकायला आणलंय? ती म्हणाली, "रुमाल टाक." मी टाकला. तिने आत हात घातला आणि सावकाश बोटे दाबली. तो आकडा मला पाठ होता. तिच्या पगाराचा होता.

"एवढ्याला गेले म्या," ती म्हणाली. "चांगला भाव आला का रं?"

आयुष्यात पहिल्यांदा मला भाव बोलता आला नाही. ती उठली आणि लोहाऱ्याच्या जीपमध्ये जाऊन बसली. परत आली नाही. उन्हाळ्यात तिकडेच वारली.

मी अजून बाजारात बसतो. रुमाल टाकताना दर वेळी तिचा हात आठवतो आणि डोके फिरते. आमच्या सौद्यात भाव झाकलेला असतो, पण समोरचा माणूस दिसतो. त्याने गंडवले तर पुढच्या बाजारी त्याची कॉलर धरता येते. मावशीच्या सौद्यात भाव साऱ्या गावाला कळला, आणि घेणारा कुणीच दिसला नाही. डॉक्टर म्हणाले, माझे काम लशीचे. कारकून म्हणाला, वरून आलंय. साहेबांनी मान खाली घातली.

म्हणून मी इथे जाहीर विचारतो. शेळी पिकात शिरली तर सोजरमावशी पुढे व्हायची आणि माझी म्हणायची. ही शेळ्या मोजायची अट तिच्या आयुष्यात शिरली, सगळे खाऊन गेली. त्या अटीचे दावे कुणाच्या हातात होते? जो असेल त्याने पुढे यावे, माझ्यासमोर उभे राहावे आणि एकदा म्हणावे, माझी.