पौर्णिमाताई गोड बोलायला लागली तेव्हा

आमची पौर्णिमाताई सोमवारी गोड बोलायला लागली आणि आम्ही घाबरलोच. हसू नका. तिला ओळखत असता तर तुमचीही गाळण उडाली असती.

अकोल्याच्या आमच्या डाळ मिलमध्ये निवडणीच्या हॉलची ती मुख्य. मूळची वलगावची, लग्न होऊन इकडे आली, आमच्यासारखीच जमिनीवर बसून तुरीच्या डाळीतले खडे वेचत वर चढली. मशीनच्या घरघरीत ओरडल्याशिवाय ऐकूच येत नाही, म्हणून ओरडायची तिला सवयच लागली. "डोये फुटले काय वो?" हा तिचा सकाळचा रामराम. तासाभरानं तीच बाई स्वतःच्या डब्यातलं पिठलं आणून तुमच्या भाकरीवर वाढायची. मी, रूपाली, पोती वजन करते. दिवसातून एकदा तरी "झोपली काय?" ऐकलं नाही तर मला करमत नाही.

तर मालकानं तिला अमरावतीला एका हॉटेलात प्रशिक्षणाला धाडलं. माणसांची मनं कशी ओळखायची, राग कसा आवरायचा, असलं काहीतरी. सोमवारी ती परतली, आणि नेमकं त्याच दिवशी एका व्यापाऱ्याकडून पोतं परत आलं. डाळीत खडे. पोतं आमच्यातल्याच, खडे वेचणाऱ्या मैनाच्या हातचं.

आता ताई कडाडणार, हे आम्ही धरूनच चाललो होतो. पौर्णिमाताई मैनाजवळ वाकली आणि हळूच म्हणाली, "काही हरकत नाही, मैनाताई. चुका होतात. तुम्हाला काही अडचण आहे का? या, चहा घेऊ."

मैनाचा चेहरा पांढराफटक पडला. कारण याआधी ताईनं एकाच माणसाला असं केबिनमध्ये बसवून चहा दिला होता. देवमन हमालाला. "बसा देवमनभाऊ" म्हणाली, आणि कप रिकामा व्हायच्या आत त्याला उद्यापासून काम नाही म्हणून सांगितलं. काचेतून आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं, बोलणं देवमननं नंतर सांगितलं. त्यात आता खडे आपोआप उडवणारी नवी मशीन येणार, अशी कुजबुज. मैनाची पायल बारावीला, घरात कमावणारी ती एकटीच. काय वाटलं असेल तिला, सांगा.

मैना केबिनमध्ये गेली, पण कपाला हात लावला नाही. डबाही उघडला नाही. मंगळवारी भीतीनं तिच्या हातून आणखी खडे सुटले. ती जितकी चुकायची तितकी ताई गोड व्हायची, आणि ताई गोड झाली की ही आणखी चुकायची. माझं डोकंच फिरायची वेळ आली.

बुधवारी मैना मला म्हणाली, "बार्शीटाकळीच्या मिलमधी एक जागा हाये. संध्याकाळी हो म्हणून सांगतो. काढायच्या आधी आपणच गेलेलं बरं." रोजचं तेवढं जाणं-येणं, परीक्षेच्या तोंडावर पोरगी घरात एकटी! मी वजनकाटा तसाच सोडला आणि थेट केबिनमध्ये घुसले.

"काय लावलं वो ताई हे? काढायचं असन तं सरळ सांग ना. गोड बोलू बोलू काहून जीव घेऊन राह्यली तिचा?"

ती बघतच राहिली. "कोणाले काढून राह्यली मी? मी तं तिचं मन राखून राह्यली!"

"देवमनलेही असंच 'बसा' म्हणलं होतं तू."

ती खुर्चीत मटकन बसली. मग म्हणाली, "त्याले काढतानी माह्या घशातून आवाजच निघत नव्हता, रूपाली. म्हणून हळू बोलली मी."

बाप्पा! आणि आम्ही त्याचा अर्थ काय लावून बसलो होतो.

ती उठली, हॉलमध्ये आली आणि मशीन बंद करायला लावली. एवढ्या शांततेत तिचा आवाज केवढासा वाटला. "नवी मशीन येऊन राह्यली, हे खरं हाये. कोण कमी होईन, मले माहीत नाही. मालकाले विचारलं, तो 'पाहू' म्हणते. मलेही झोप नाही. पण ज्या दिवशी समजन त्याच दिवशी इथं, सगळ्याईसमोर सांगीन. चहा पाजून नाही सांगणार."

"माहं नाव असलं तं?" मैनानं विचारलं.

ताईचे ओठ हलले, पण खोटं काही तिच्यानं बोलवलं नाही. "असलं तं आधी मालकाशी भांडीन. मंग तुले सांगीन."

मग ताईची नजर मैनाच्या पिशवीवर गेली.

"डबा उघडला नाही तू आजही? उपाशीपोटी खडे दिसतीन काय वो, भवाने? खाय मुकाट्यानं, नाहीतर मी कोंबीन तोंडात!"

मैना हंबरडा फोडून रडली आणि रडत रडतच तिनं भाकर मोडली. ताई तिच्याशेजारी जमिनीवर बसली, तिच्यापुढचं सूप स्वतःकडे ओढलं आणि खडे वेचू लागली. मैनाचा डबा संपेपर्यंत तिनं मशीन सुरू करू दिली नाही.