मस्टरवर एक्केचाळीस, बाहेर चाळीस

डोंबिवलीतली ती दुपार आठवली की मला आजही आधी घाम फुटतो आणि मग हसू येतं. मी तेव्हा पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. जेवायला बसणार, तेवढ्यात एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या वॉचमनचा फोन आला. "साहेब, गॅस लीक झालाय. डोळे चुरचुरतायत. लवकर या!"

अशा ठिकाणी पुढारी, मॅनेजर, शेजारचे दुकानदार सगळेच साहेब होतात. म्हणून पोहोचताच मी दोर बांधून रस्ता बंद केला आणि गेटपासून लांब एका जागी ठाण मांडलं. प्रभारी कुठे उभा आहे हे सगळ्यांना दिसलं पाहिजे, नाहीतर निरोप आणणारा त्यालाच शोधत फिरतो. गळती अग्निशमन दलाने बघायची, माणसं मी मोजायची, असं ठरलं.

मस्टरवर एक्केचाळीस सह्या होत्या. बाहेर माणसं चाळीस. एक फिटर कमी होता.

"शेवटचं कोणी पाहिलं त्याला? बोला पटकन!" मी असा काही ओरडलो की सगळ्यांची बोलती बंद झाली. दलाचे दोन जवान त्याला शोधायला आत जाण्यासाठी मास्क चढवू लागले. आतली दुसरी टाकी कधी फुटेल याचा नेम नव्हता.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, एकोणचाळीस जण गेटकडे बघत होते आणि एकटा मोबाइलकडे. तो फिटरचा शेजारी, पॅकिंगमध्ये काम करणारा पन्नाशीचा गृहस्थ. सोबती आत अडकला असताना माणसाची नजर दाराकडून हटत नाही. मी त्याला जीपमागे नेलं, पाण्याची बाटली दिली आणि हळूच म्हणालो, "काका, नोकरीचं मी बघतो. तो कुठेय?"

काकांना रडू फुटलं. "साहेब, तो आलाच नाय आज. सुट्टी देत नव्हते, म्हणून सही मीच मारली. वर्तकनगरला मुलगी बघायला गेलाय. सकाळी मीच त्याला रिक्षात बसवलेलं. फोन पण उचलत नाय हो!"

मी धावत सुटलो. जवान उंबऱ्यावर होते. त्यांना मागे बोलावलं तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

काकांच्या मोबाइलवरून चौथ्यांदा लावल्यावर फिटरने फोन उचलला. मी तो स्पीकरवर टाकला. "काय रे, सारखा काय फोन करतोस? पोहे खातोय!" चाळीस माणसांनी एकच कल्ला केला आणि पाठोपाठ मनसोक्त शिव्या घातल्या.

गळती आटोक्यात आली, तसा मॅनेजर दोघांना कामावरून काढायला निघाला. मी शब्द दिलेला, त्यामुळे त्याच्यासमोर तासभर बसलो आणि प्रकरण लेखी समजेवर मिटवलं. फोनमधला तो कल्ला मुलीनेही ऐकला होता; तिने होकार दिला. एवढी माणसं ज्याच्यासाठी ओरडतात तो वाईट नसणार, असं ती म्हणाली म्हणे.

खोटी सही काकांची होती, हे खरं. पण त्यांच्या तोंडाला कुलूप लागलं ते माझ्या आवाजाने, आणि दोन जवान उंबऱ्यापर्यंत गेले तेही त्यामुळेच. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत कुठल्याही घटनास्थळी पहिला प्रश्न मी हळू आवाजातच विचारला.