भागिरथी सिस्टरांनी उकळलेला पाचू

आमच्या सासूबाई सगळं उकळतात. दूध-पाणी तर झालंच, पण भाजीची सुरी, पोराची बाटली, माझ्या केसांच्या पिना, एकदा तर माझ्या नवऱ्याचा, महेंद्रचा, दाढीचा ब्रशसुद्धा. तीस वर्षं नगरच्या एका दवाखान्यात ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर होत्या ना! उकळत्या पाण्यातून निघालं नाही ते स्वच्छ नाही, हा त्यांचा कायदा. मी लग्न होऊन केडगावात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात वाटलं होतं, आता मलाही एकदा पातेल्यात घालतात की काय.

त्यांचं नाव भागिरथी. चौऱ्याण्णव साली रिटायर झाल्या आणि पहिलं काम काय केलं, तर स्वतःसाठी हिऱ्याच्या कुड्या घेतल्या. कानाच्या पाळीवर सात खड्यांचं फूल. आमच्या नात्यागोत्यात तोवर हिरा कुणी घातला नव्हता. मी सोबत होते, म्हणून तो सोहळा मला पाहायला मिळाला. सराफ बल्बाखाली ट्रे सरकवत होता, तर ह्या म्हणाल्या, "दिव्याखाली काचपण चमकते. उजेडात दाखवा." दुकानाच्या पायरीवर उभं राहून एकेका खड्यावर तोंडाची वाफ सोडली. हिऱ्यावरून वाफ लगेच उडते, काचेवर रेंगाळते. मग कुडी उलटी करून बघितली. मागची बाजू उघडी हवी, नाहीतर मळ आत साचतो आणि हिरा आंधळा दिसतो म्हणे. शेवटी भिंग मागून घेऊन खडे धरून ठेवणारे काटे तपासले, एकूण एक. सराफ वैतागला. "बाई, हिरा घ्यायचाय का ऑपरेशन करायचंय?"

"घाई दोन्हीत चालत नाही," ह्या म्हणाल्या.

तेव्हापासून रोज सकाळी बोटानं चाचपून सात आणि सात चौदा मोजायच्या. केसांना तेल लावायच्या आधी कुड्या काढायच्या, हिरा दुसऱ्या खड्याला ओरखडतो म्हणून वेगळ्या कापडात ठेवायच्या, आणि महिन्यातून एकदा साबणाच्या पाण्यात उकळायच्या. मी चिडवायचे, "आई, हिऱ्यांना जंतुसंसर्ग होतो का हो?" त्या हसायच्या नाहीत. आणि खरं सांगते, कुड्या कायम लखलखीत असायच्या.

सत्त्याण्णवच्या मार्चअखेरीला मुबारकबी आमच्याकडे आली. ती दोन घरं सोडून राहायची, दवाखान्यात वीस वर्षं सासूबाईंच्या हाताखाली आया होती. दुसऱ्या दिवशी हजला निघणार होती. तिनं रुमालाची गाठ सोडली आणि एक अंगठी सासूबाईंच्या तळहातावर ठेवली. सोन्यात बसवलेला पाचू, हरभऱ्याएवढा, गर्द हिरवा. तिच्या सासूनं तिला दिलेला.

"भागी, ही तुझ्याकडं ठेव. दोन सुना, दोघींचा डोळा हिच्यावर. एकीकडं दिली तर दुसरी चूल वेगळी करील. मी न्हाईच आले परत, तर अल्मासच्या निकाहात तूच तिच्या बोटात घाल." अल्मास म्हणजे तिच्या थोरल्या मुलाची, फैयाजची मुलगी.

ती गेल्यावर सासूबाई अंगठी तळहातावर धरून बसल्या. मग म्हणाल्या, "सीमा, माझ्या आईच्या हातावर गावात कुणी काही ठेवत नव्हतं. मजुरी द्यायची ती वरून टाकायचे. आणि आज बघ." अंगठी पांढऱ्या कापडात गुंडाळून त्यांनी बाहेरच्या खोलीतल्या कपाटात ठेवली आणि किल्ली साडीला अडकवली. मला त्या दिवशी त्यांचा फार अभिमान वाटला.

आणि मग आली चौदा एप्रिल. बाबासाहेबांची जयंती! घर झाडून-पुसून, पांढरं पातळ काढून, कुड्या उकळायला ठेवल्या. तेवढ्यात त्यांच्या मनात आलं, मुबारकच्या अंगठीवर चुलीचा धूर, पिठाचा थर बसलाय, तीही चकचकीत करून परत देऊ. टाकली की पातेल्यात! वर चमचाभर कपडे धुण्याची पावडर. पंधरा मिनिटं उकळली आणि वरून स्पिरिटच्या बोळ्यानं पुसली.

मी आतून "अगं बाई" एवढंच ऐकलं. बाहेर येऊन बघते तर कुड्या झगमगतायत, आणि पाचू मेल्यासारखा. हिरवेपणावर पांढुरकं जाळं पसरलेलं, आत आडव्यातिडव्या रेघाच रेघा. सासूबाईंना वाटलं पावडर राहिली. पुन्हा उकळला! पुन्हा स्पिरिट! रेघा आणखी उठल्या. मी ओरडले, "आई, पुरे करा आता!" पण नुकसान व्हायचं ते झालं होतं. जयंतीच्या मिरवणुकीला त्या गेल्या, पण कुड्या न घालता.

दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी संध्याकाळी, टीव्हीवर बातमी आली. मक्केजवळ मिना इथं हाजींच्या तंबूंना आग लागली, शेकडो माणसं गेली.

केडगावात आमच्या गल्लीत फोन आमच्याकडेच होता, कारण मी टेलिफोन खात्यात. मुबारकबीनं तिकडं हाच नंबर लिहून नेला होता. त्यामुळे फैयाज, त्याची बायको, मुबारकबीची धाकटी सून, सगळे आमच्या बाहेरच्या खोलीत येऊन बसले. फोनकडे डोळे लावून. आणि फोनपासून दोन पावलांवर ते कपाट.

ते दिवस मी विसरणार नाही. सासूबाई सगळ्यांना चहा द्यायच्या, फैयाजच्या पाठीवरून हात फिरवायच्या आणि आत येऊन मोरीत तोंड धुवायच्या. पोटात अन्न नाही. मला म्हणाल्या, "ती जिवंत पाहिजे, एवढंच मागते मी. पण सीमा, ती नाही आली तर? ही तीच अंगठी, हे सांगणारं दुसरं हाय कोण? म्हणतील, सिस्टरनं खडा बदलला." मी म्हटलं, कोण म्हणेल असं? पण म्हणणारे म्हणालेच असते आणि ते काय म्हणून म्हणाले असते, तेही आम्हा दोघींना ठाऊक होतं.

गुरुवारी दुपारी धाकट्या सुनेनं फैयाजच्या कानात काहीतरी कुजबुजलं. त्याच्या डोळ्यांना झोप नव्हती. तो म्हणाला, "मावशी, अम्मी सांगून गेलीय, तिची अंगठी तुमच्याकडं हाय. जरा बघू का? हातात धरावी वाटती."

सासूबाईंचा हात साडीला लावलेल्या किल्लीवर गेला आणि तिथंच राहिला.

"फैयाज, तुझ्या आईनं माझ्या हातात दिलीय," त्या म्हणाल्या. "मी तिच्याच हातात देणार. ती येईपर्यंत कुणाला दाखवायची न्हाई."

तो वाईट बोलला नाही. पण धाकटी सून मान वळवून कपाटाकडे बघत राहिली. मी आत गेले आणि रागानं कांदे चिरले, जरुरीपेक्षा दुप्पट.

शुक्रवारी सकाळी फोन वाजला. "भागी, मी हाय. सामान सगळं जळालं, मी हाय." सासूबाईंनी रिसीव्हर फैयाजच्या हातात कोंबला आणि भिंतीला टेकून खाली बसल्या. इतकं रडताना मी त्यांना नंतरही कधी बघितलं नाही.

शनिवारी आम्ही दोघी सराफ बाजारात. पहिल्या दुकानदारानं अंगठी बघून विचारलं, "बाई, खडा पहिल्यापासून असाच होता, का कुणी बदलला?" सासूबाईंनी अंगठी परत घेऊन मुठीत धरली. मी जवळजवळ ओढतच त्यांना मागच्या बोळात फक्रुद्दीनचाचांकडे नेलं. चाचा खडे बसवायचे, चाळीस वर्षं तेच काम. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, अंगठी फिरवली आणि विचारलं, "उकळली?"

"दोनदा," सासूबाई म्हणाल्या. "वर स्पिरिट."

चाचा हसायलाच लागले. मला असा राग आला! पण ते म्हणाले, "सिस्टर, खडा तोच हाय. पाचूच्या पोटात जन्मापासूनच चिरा असतात. म्हणून त्याला तेल पाजतात, तेल चिरांत भरतं आणि चिरा दिसत न्हाईत. तुमी तेल उकळून काढलं. उकळायचा तो हिरा. पाचू, मोती, पोवळं ह्यांना गार पाणी, मऊ फडकं, बस्स. अत्तर न्हाई, स्पिरिट न्हाई. आणि भांडी घासताना काढून ठेवायचं."

"पुन्हा पाजता येईल?"

"येईल की. अंगठी आठ दिवस ठेवा माझ्याकडं."

"न्हाई," सासूबाई म्हणाल्या. "नजरेआड करणार न्हाई."

चाचांनी हात जोडले आणि बामच्या रिकाम्या बाटलीत तेल घालून दिलं. अंगठी त्यात बुडवून उबेत ठेवायची, कोमट, तापवायची नाही. झालं! घरात पेशंट आला. बाटली खिडकीत उन्हाच्या कडेला, शेजारी थर्मामीटर, भिंतीवर कागद, आणि दर चार तासांनी टेंपरेचर. महेंद्र म्हणाला, "आई, सलाईन लावायचं का?" कुणी हसलं नाही. रोज सकाळी त्या बाटली उजेडात धरायच्या आणि परत ठेवायच्या. सातव्या दिवशी मला हाक मारली. पाचू हिरवागार झाला होता. एका कोपऱ्यात एक बारीक रेघ राहिली होती, ती आम्हालाच माहीत म्हणून दिसायची.

मी म्हटलं, "सुटलो! आता तोंडातून चकार शब्द काढू नका." महेंद्रचंही तेच मत. सासूबाई म्हणाल्या, "पेशंटला चुकीचं औषध गेलं, तर पेशंट बरा झाला तरी कागदावर लिहावं लागतं." मी कपाळावर हात मारला. वीस वर्षांची मैत्री ह्या बाई एका रेघेसाठी घालवणार!

मुबारकबी मेच्या सुरुवातीला परतली. वाळली होती, भुवया जळाल्या होत्या. खजूर आणि मक्केच्या झमझम विहिरीचं पाणी घेऊन आली. सासूबाईंनी अंगठी तिच्या हातात दिली आणि पातेलं, पावडर, स्पिरिट, चिरा, तेल, सगळं सांगितलं. ती कोपऱ्यातली रेघही बोट लावून दाखवली.

मुबारकबीनं अंगठी खिडकीपाशी नेऊन बघितली. "माझ्या सासूची हुती ती," एवढंच म्हणाली. चहा तसाच ठेवून निघून गेली.

दीड महिना ती आमच्याकडे फिरकली नाही. रस्त्यात दिसली तर मान हलवायची. मी सासूबाईंना टोचून बोलले, आता कबूल करते. "घ्या, मिळालं खरं बोलल्याचं बक्षीस!" त्या हातातलं काम करत राहायच्या. रोज सकाळी कुड्या चाचपायच्या, पण मोजायच्या नाहीत, हे माझ्या लक्षात आलं होतं.

जूनमध्ये एका दुपारी दारात मुबारकबी. राहुरीला लेकीच्या बाळंतपणाला निघाली होती, पिशवी खांद्याला. पायरीवरच बसली आणि रुमालाची गाठ सोडू लागली. तीच अंगठी, आणि शेजारी तेलाची छोटी बाटली.

सासूबाईंनी हात पुढे केला नाही. "परत माझ्याकडं? मुबारक, अगं, मी खराब केली ती."

"व्हय, केलीस. लई राग आला मला, खोटं कशाला बोलू?" मुबारकबी म्हणाली. "पण सुनांनी बिघडवली असती तर मला मरेपर्यंत कळलं नसतं. तू सांगतीस." तिनं सासूबाईंचा हात ओढला, अंगठी तळहातावर ठेवली आणि बोटं मिटली. "फक्त माझ्यासमोर त्या पातेल्याला आधी टाळं लाव."

सासूबाई हसता हसता रडायला लागल्या. मुबारकबी आपली गाडी चुकवून चहाला थांबली. चहा मी टाकला, आणि दुसऱ्या पातेल्यात.