तडा गेलेली सोड्याची बाटली

माझे मालक, म्हणजे घरधनी, नंदुरबारच्या मिरची बाजारात पोती उचलत. संध्याकाळी खोकत घरी यायचे, डोळे लाल, आणि कपड्यांतल्या त्या तिखट धुरळ्यानं मलाही शिंका यायच्या. एका उन्हाळ्यात त्यांनी सुरतेहून गोटीसोड्याचं जुनं मशीन आठवडाभराच्या बोलीवर आणलं. पैसे भरा, नाहीतर परत पाठवा. बँकवाल्याला तारण म्हणून घर नाहीतर शेत हवं होतं. आमची तर खोलीसुद्धा भाड्याची. शेवटी बाजारातले एक शेठ उसने पैसे द्यायला कसेबसे तयार झाले.

"मशीन चालाडी दखाड," त्यांनी बजावलं होतं, "मंग पैसानं बोलूत."

ते येणार त्या सकाळी मी दोन डझन बाटल्या धूत होते. एकीच्या मानेवरचा केसाएवढा तडा माझ्या अंगठ्याला लागला. अशा बाटलीत गॅस भरला की ती फुटते, काच डोळ्यात जाते, हे मालकांनीच मला सांगितलं होतं. मी ती उंबऱ्याशी वेगळी ठेवली आणि हात पुसायला आत गेले. तेवढ्यात शेठ आले. मालकांनी घाईघाईत सगळ्या बाटल्या उचलून खोक्यात भरल्या, तीसुद्धा.

मी दाराआड उभी. बाटलीला तडा आहे म्हटलं असतं, तर शेठ तसेच चपला घालून निघाले असते. मग पुन्हा ती पोती, तो खोकला. आणि नाही बोललं तर डोळा जायचा. माझं तोंड काही उघडेना.

"बाटली मी निवडसू," शेठ म्हणाले. खोक्यावरून बोट फिरवत त्यांनी एक काढली.

मालकांनी ती मशीनात बसवली, वाकून तोंड जवळ नेलं, दांडा फिरवला. गॅस फुसफुसला. खोटं कशाला सांगू, फुटायचीच असेल तर शेठच्या हातात फुटू दे, असं माझ्या मनात आलं. आजही त्याची लाज वाटते.

फुटली नाही. शेठनी गोटी दाबली, सोडा घटाघटा प्यायला, मोठी ढेकर दिली. "सकाय दुकानवर ये. पैसा ली जाय."

ते गेल्यावर मी सगळं सांगितलं. मालक मटकन खाली बसले.

"तुले माहीत व्हतं? मंग बोलनी का नही?"

"तुमना खोकला," एवढंच म्हणता आलं, आणि मला रडू फुटलं.

ते उठले, ती तडा गेलेली कुठली ते बघायला. ओलं गोणपाट गुंडाळून एकेक बाटली भरत गेले. मला बाहेर जायला सांगितलं, मी गेले नाही. अकरावी फुटली. काच गोणपाट फाडून समोरच्या मातीच्या भिंतीत रुतली, बरोबर तोंडाच्या उंचीवर.

दुसऱ्या दिवशी पैसे मिळाले. मशीन राहिलं, खोकलाही हळूहळू ओसरला. पण तेव्हापासून मालक प्रत्येक बाटली आधी माझ्यापुढे धरत. मी ती उजेडात फिरवून बघायची आणि 'हं' म्हणायची. मग ते, स्वतः एकदाही न बघता, वाकून तोंड जवळ नेत.